गैरहजराचा वाटा

कट्टा गावच्या बसथांब्यासमोर सर्वेशचं मोबाइलचं दुकान आहे. पावणेसहाची कुडाळ गाडी गेली की सहा-चाळीसची मालवण गाडी लागेपर्यंत तिथे कोणी फिरकत नाही. त्या पंचावन्न मिनिटांत सर्वेश काउंटरवरचे स्क्रीनगार्डचे खोके बाजूला सारतो, खालच्या खणातून तीन जुने फोन काढतो, त्यांना चार्जरच्या वायरी लावतो आणि आपल्या फोनाशेजारी ओळीने मांडतो, देवघरात टाक मांडावेत तसे. निदान गेल्या माघापर्यंत तरी असं चालू होतं.

"चार चार फोन लावन कोणाची पूजा करतंस रे?" हौसाबाय विचारायची. दुकानाच्याच पागोळीखाली ती सुके बांगडे आणि गोलमो, म्हणजे सुका जवळा, घेऊन बसते. दोन वर्षं ती हे रोज विचारत होती. उत्तर मिळालं नव्हतं, आणि उत्तराची तिला गरजही नव्हती. दिवसभराचं एक बोलणं तेवढ्यात निघून जायचं.

पूजा नव्हती, लढाई होती. टीम डेथमॅच म्हणतात तिला. चार जण विरुद्ध चार जण, वेळ दहा मिनिटं, आणि ज्यांचे चाळीस बळी आधी पुरे होतील ते जिंकले. यात मेलेला माणूस तीन सेकंदांत आपल्या तळावर पुन्हा उभा राहतो, बंदूक भरलेली, कपडे कोरे. मरणाचं कोणाला सुतक नाही, फक्त नोंद होते. प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने: किती मारले, किती वेळा मेला, किती जणांना हात दिला. कट्ट्यावर एकेका माणसाची एवढी स्वच्छ नोंद ग्रामपंचायतीतसुद्धा सापडणार नाही.

सर्वेशच्या संघात चार नावं होती. सर्वेश, धनेश, जितेंद्र आणि सुशांत. चौघे एकाच वाडीतले, समुद्राला लागून असलेल्या. सगळं जग घरात कोंडलं होतं त्या वर्षी हे चौघे होड्या ठेवायच्या मांगरात चार कोपरे धरून बसायचे आणि गेममध्ये एकमेकांच्या पाठीला पाठ लावून लढायचे. संघाला नाव दिलं होतं 'रापण'. मग धनेश पुण्याला कंपनीत लागला, जितेंद्र बोटीवर गेला, सुशांत शिरोड्याला सासऱ्याच्या हॉटेलात बसला. जाताना प्रत्येकाने नवा फोन घेतला आणि जुना सर्वेशच्या काउंटरवर ठेवला. "इक, नायतर रवांदे," म्हणाले. सर्वेशने विकले नाहीत. गिऱ्हाइकाला दाखवायला काढायचा आणि परत खणात ठेवायचा. तिन्ही फोनांत गेम तशीच उघडी होती, ज्याच्या त्याच्या नावाने.

पहिले सहा महिने चौघे संध्याकाळी सहाला, जिथे असतील तिथून, येत राहिले. मग कारणं सुरू झाली. सुशांतची कारणं गर्दीची असत, जितेंद्रची रेंजची, धनेशची मीटिंगची. सर्वेशने ती कुठे लिहून ठेवली नव्हती, पण कोणी विचारलं असतं तर तारखेसकट सांगितली असती. जितेंद्रच्या बोटीची रेंज, उदाहरणार्थ, नेमकी सहा ते सात या वेळात जायची. आठ वाजता तोच माणूस गावातल्या लग्नांच्या फोटोंना हृदयं वाटत बसलेला दिसे.

आणि गेमचा एक नियम होता. संघातला जो माणूस सात दिवस फिरकला नाही, त्याचं नाव आपोआप गळतं. एकदा गळलं की परत घ्यायला त्याने स्वतः येऊन अर्ज करावा लागतो. हे तिघे अर्ज करतील? सर्वेशने मनातल्या मनात मतं मोजली. तिघांपैकी शून्य.

तेव्हा त्याला नानांची आठवण झाली. नाना म्हणजे त्याचे वडील. ते गेले त्याला आता चार वर्षं होतील. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं; ते एकाच्या मालकीचं नसतं. घराघरातून एकेक तुकडा येतो, तुकड्याला तुकडा जोडतात, होडीतून समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून अख्खी वाडी ओढते. मासळीचे वाटे घालताना हातांचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा. त्यामुळे माणूस मुंबईला असो की तापाने आडवा असो, त्याचा तुकडा पाण्यात असला की त्याचा वाटा त्याच्या दाराशी पोचतो. एकवीस वर्षं वाटे घालायचं काम नानांकडे होतं. गैरहजराचा वाटा ते सगळ्यात आधी बाजूला काढत. हजर असलेला भांडून घेऊ शकतो, म्हणत. आणि मोसम संपल्यावर ज्याचा तुकडा पुढच्या साली यायचा नसेल, तो सोडवून, गोड्या पाण्यात धुऊन, सुकवून, घडी घालून त्याच्या घरी नेऊन देत. "तुजा जाळा," एवढंच म्हणत, आणि चहाला न थांबता परत येत. ते एक काम त्यांना आवडत नसे. त्या दिवशी घरात कोणी त्यांच्याशी बोलत नसे.

सर्वेशने नानांची पहिली रीत उचलली, दुसरी विसरला. माणूस नाही तर नाही, त्याचा तुकडा पाण्यात राहू दे. त्याने तिन्ही फोन काउंटरवर मांडले आणि तिघांना गेममध्ये उतरवलं.

तिघे तळाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहत. आता गेमचा आणखी एक नियम होता: अर्धा मिनिट जो हलणार नाही त्याला हाकलून देतात. म्हणून सर्वेश आपल्या फोनवर लढे आणि दर वीस सेकंदांनी डावं बोट तिन्ही फोनांवरून फिरवून आणी, तीन तव्यांवर घावणे टाकलेली बाई फिरते तसा. धनेश एक पाऊल पुढे. जितेंद्र एक पाऊल मागे. सुशांतला एक उडी. परत आपली बंदूक.

समोरच्या चौघांना दुसऱ्याच मिनिटाला कळे की इथे तीन माणसं नुसती उभी आहेत. मग ते पडलेले आंबे वेचायला यावं तसे येत. काही जण आवाज चालू करून हसत, हिंदीत, तेलुगूत. एकदा एकाने कुठल्याशा भाषेत बराच वेळ सहानुभूती दाखवली. सर्वेश वाईट खेळाडू नव्हता. एकटा बाहेर पडला असता तर पंधरा-वीस मारून आला असता. पण तो तिघांना सोडून जात नसे. तळाच्या दाराशी एका खोक्याआड बसून येणाऱ्याला अडवी. कधी आठ पडत, कधी अकरा. बाकी पलीकडचे चाळीस ठरलेले. सातशे मॅचमध्ये 'रापण' नऊ वेळा जिंकली, आणि त्यातल्या पाच वेळा समोरच्यांचं नेट गेलं होतं.

हरल्याचं त्याला काही नव्हतं. मॅच संपली की चारही नावांपुढे हिरवी खूण उमटे. ती बघायची, तिघांच्या काचा पुसायच्या आणि फोन खणात ठेवायचे. तिघांना हे त्याने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि हसून झाल्यावर एखादा सहज म्हणाला असता, कशाला रे, काढून टाक नावं. तेवढं एक वाक्य त्याला कोणाकडून ऐकायचं नव्हतं.

गेल्या माघातला मंगळवार. पावणेसहाची गाडी गेली, फोन मांडले, मॅच सुरू झाली. दुसऱ्या की तिसऱ्या मिनिटाला धनेशच्या फोनवर पाटी आली: हे खातं दुसऱ्या फोनवर उघडलं आहे. पाठोपाठ पडद्यावर नुसता पासवर्डचा चौकोन राहिला.

कोणीतरी खातं चोरलं, हा सर्वेशचा पहिला विचार. तो आपल्या पडद्याकडे वळला. दोन वर्षं रोज एक पाऊल पुढे टाकून मरणारा धनेश तिथे भिंतीपाशी उभा होता. त्याने मान वर केली. खाली केली. मग त्याने तीन उठाबशा काढल्या.

धनेश मॅचच्या आधी नेहमी तीन उठाबशा काढायचा, मांगरात असल्यापासून. चोराला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

लगेच दारातून दोघे आले आणि धनेश मेला. पण मरताना एकाला घेऊन मेला.

"कोण कोण आसा रे?" आवाज आला. पुण्याच्या इतक्या वर्षांनी तो थोडा घासला होता, पण त्याचाच. "सर्वेशा? जितू आसा? मेल्या, सुशा पण?"

"मी आसंय," सर्वेश म्हणाला. पुढचं बोलायला त्याला सवड मिळाली नाही. धनेश पुन्हा उभा राहून दाराकडे धावला होता, आणि त्याच्या पाठीला पाठ लावायची जागा रिकामी होती. सर्वेशचे पाय आपोआप तिकडे गेले.

सहा मिनिटं दोघे खेळले. धनेशचा हात गंजला होता, पण तोंड चालू होतं. जितेंद्र भिंतीपाशी उभा राहिलेला बघून तो ओरडला, "जितू, सर मरे बाजूक, झोपलंस काय?" हाकलायची वेळ भरत आली होती म्हणून सर्वेशने जितेंद्रला टोचणी दिली. जितेंद्र एक पाऊल मागे सरला. धनेश खदखदून हसला. "तसोच आसा. सांगला तेच्या उलटा." मग सुशांतकडे वळून त्याने विचारलं की बायलेने उपाशी ठेवलं का. सुशांतने जागच्या जागी उडी मारली. धनेशला हसून ठसका लागला, आणि त्या ठसक्यात तो एकदा मेलासुद्धा.

चाळीस विरुद्ध एकतीस. हरले. पण एकतीस 'रापण'च्या नावावर कित्येक महिन्यांत लागले नव्हते.

मॅच संपल्यावर धनेश सांगत राहिला. बायको मुलाला घेऊन माहेरी गेली होती, पंधरा दिवसांसाठी. घरून काम. सकाळपासून कोणाशी बोललो तर जेवणाचा डबा आणणाऱ्याशी, तेही दाराच्या आतून. करमेना म्हणून गेम उतरवून घेतली, तर बघतो काय, तिघांच्या नावापुढे हिरवा दिवा.

मग त्याचा आवाज जरा खाली आला. "रोज खेळतास काय रे?"

"रोज. दोन वर्षां झाली."

"सगळे?"

सर्वेशने जितेंद्रच्या फोनाची काच पुसायला घेतली.

"दोन वर्षां तुमी तिघे खेळतास, आणि माका एकान सांगूक नाय. ग्रुपवरसुद्धा नाय. बरा आसा. माज्याशिवाय जमला तुमचा."

सर्वेशने दोन्ही बाजू तोलल्या. हो म्हटलं तर धनेश उद्या येईल, परवा येईल. जितूशी भांडायला येईल, सुशाची टिंगल करायला येईल, आणि डावं बोट तेवढं सांभाळून घेईल. सत्य सांगितलं तर कोणाशी भांडायला येणार? हौसाबायने मान वळवून आत पाहिलं. पण पुण्यातल्या त्या खोलीत एक माणूस या क्षणी समजत होता की त्याच्या तिघा मित्रांनी त्याला वगळलं आहे. ते सर्वेशला पेलेना.

"तिघे नाय," तो म्हणाला. "मी एकटोच. जितूचो आणि सुशाचो फोन हंय काउंटरवर आसा. तुजो पण होतो, आता तू इलंस म्हणान तो बंद पडलो."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे जितू मागे सरलो तो..."

"मी सरकवलंय."

"आणि सुशाची उडी?"

"ती पण."

धनेश आपले रकाने उघडून बघत होता हे सर्वेशला कळलं, कारण थोड्या वेळाने त्याने आकडे वाचले. मारले तीन हजार. मेला आठ हजार सातशे. पुण्याला जाताना धनेश एका मरणामागे तीन मारणारा म्हणून गेला होता, हजारदा मेलेला. वाडीत ते सगळ्यांना माहीत होतं आणि धनेशला जरा जास्तच. आता बरोबर उलटं झालं होतं.

"सात हजार सातशे वेळा मेलंय मी?"

"वाचवूक बघी रोज. चौघांक एकटो खंय पुरतलंय."

"पण कित्याक रे?"

"नाव जाता," सर्वेश म्हणाला. "सात दिवसांनी."

धनेश रागावला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "एक तेवढाच होता रे माजा थंय. एका मरणामागे तीन." आणि मग, सर्वेशला बरं वाटावं म्हणूनच बहुतेक, "फाल्यां येतंय. सहाक."

दुसऱ्या दिवशी सर्वेशने पावणेसहाच्या गाडीने जायला निघालेल्या एका गिऱ्हाइकाला काचेचं काम उद्यावर टाकायला सांगितलं. केस विंचरले. हौसाबायने ते टिपलं. धनेशचा फोन त्याने खणातच ठेवला, कारण आज त्याचा माणूस येणार होता. सहा वाजले. सव्वासहा झाले. सहा-वीसला निरोप आला.

"मीटिंग आसा रे. पासवर्ड धाडतंय, माजो तूच लाव. उभो करून ठेव. मेलंय तरी चलात."

खाली पासवर्ड होता. धनेशच्या बापाच्या होडीचं नाव आणि तिच्यावर रंगवलेला नंबर. ती होडी आता नाही.

सर्वेशने धनेशचा फोन काढून वायर लावली. होडीचं नाव टाकलं. नंबरचे दोन आकडे टाकले आणि बोट थांबलं. जाळ्याचा तुकडा पाण्यात सोडला तर त्यात मासळी येते; तुकड्याला काही होत नाही, झालं तर फाटतो, शिवता येतो. त्याने जाळं म्हणून माणसंच सोडली होती. दोन वर्षं तो गैरहजरांचा वाटा बाजूला काढत होता, आणि वाट्याला काय येत होतं ते काल धनेशने आकड्यात वाचून दाखवलं होतं. जितेंद्रचे आणि सुशांतचे आकडे त्याने उघडून पाहिले नाहीत. अंदाज होता.

समोर मॅच सुरू व्हायची थांबली होती. त्याने ती रद्द केली. तिन्ही फोनांतून गेम बंद केली, काचा पुसल्या, पाठीमागचं पुसलं, कानाकोपऱ्यातली धूळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. प्रत्येकाला एक पाकीट केलं, त्यावर नाव घातलं. मग ग्रुपवर लिहिलं. त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या केकांखेरीज दीड वर्षात काही आलं नव्हतं.

"तुमचे फोन पुसान ठेवलेले आसत. गावाक येशात तेव्हा घेवन जावा. गेममधला नाव सात दिवस रवतला. कोणाक ठेवचा आसात तर तेणी स्वतः येवचा."

जितेंद्रचा अंगठा आला, रेंज नसलेल्या बोटीवरून, अर्ध्या मिनिटात. सुशांतने दुसऱ्या दिवशी विचारलं की त्या फोनात त्याच्या साखरपुड्याचे फोटो राहिलेत का. धनेशने निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या.

"आज एकच फोन?" हौसाबायने विचारलं. तिच्या प्रश्नात दोन वर्षांनी बदल करायची वेळ आली होती.

"बाकीचे गेले."

"खंय?"

"आपापल्या घराक."

हौसाबायने बांगड्यांवरची माशी हाकलली. "माका वाटलेला, तू थंय कोणाशी तरी बोलतंस," ती म्हणाली. त्यानंतर तिने पूजेचं कधी काढलं नाही. सर्वेशला ते चुकल्यासारखं वाटलं.

सहाची मॅच तो खेळतोच. संघातलं कोणी नसलं की गेम तीन अनोळखी माणसं जोडून देते. ती मॅच सुरू होताच धावत सुटतात, मागे वळून बघत नाहीत, आणि दहा मिनिटांनी पुन्हा कधी दिसत नाहीत. पहिले तीन-चार दिवस सर्वेश सवयीने तळाच्या दाराशी खोक्याआड बसला. राखायला मागे कोणी नव्हतं. डावं बोट मधूनच काउंटरच्या लाकडावर जाई. पाचव्या दिवशी तो उठला आणि बाहेर पडला. सतरा मारले, चारदा मेला, जिंकला. पडद्यावर सोनेरी तुरे उधळले. ते कोणाला दाखवावं म्हणून त्याने वर पाहिलं, तर हौसाबाय टोपली बांधत होती आणि मालवण गाडी लागत होती.

सातवा दिवस मंगळवारीच पडला. सकाळी गेम उघडली तेव्हा यादीतून दोन नावं गळलेली होती. सर्वेशने ती रिकामी जागा थोडा वेळ पाहिली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती लहान होती. धनेश स्वतः आत शिरला होता ती वेळ संध्याकाळची, म्हणून त्याचं नाव संध्याकाळी जाणार होतं.

दुपारी दोनला तो जेवायला घरी जायला निघाला. शटर अर्धं ओढलं आणि खिशातला फोन थरथरला. धनेशच्या नावापुढे हिरवा दिवा लागला होता. सर्वेश शटरखाली वाकून तसाच उभा राहिला. गेमच्या दालनात धनेशचा माणूस आला. त्याने तीन उठाबशा काढल्या. सर्वेशने आवाजाचं बटण दाबायला बोट नेलं, तोवर दिवा विझला.

निरोप नाही, काही नाही. नावापुढे हिरवी खूण मात्र उमटलेली होती. ती पुढच्या मंगळवारपर्यंतची.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. दोनला आला, अर्धा मिनिट थांबला, गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. मधल्या काळात त्याची बायको माहेरून परत आली असणार. सर्वेशने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. आठवड्याला अर्धा मिनिट म्हणजे वर्षाची सव्वीस मिनिटं. सर्वेशने ते पहिल्याच दिवशी करून पाहिलं होतं.

आता मंगळवारी तो जेवणाचा डबा घरून घेऊन येतो. हौसाबायने एकदा विचारलं की बाकीच्या दिवशी घरी जातोस, मग मंगळवारीच काय अडतं.

"दोनाक एक गिऱ्हाईक येता," सर्वेश म्हणाला, आणि फोन काउंटरवर उताणा ठेवून डबा उघडला.